घसा आणि डोह

डेल्फा कटलिपच्या घरी कुणीही आलं की हातात आधी पाण्याचा पेला यायचा. पाणी पिऊन 'वा' म्हटल्याशिवाय बसायला खुर्ची मिळायची नाही. मी तिची शेजारीण, शाळेची बस चालवायचे, रोज जाता-येता तिच्या दारावरून जायचे, तरी मलाही त्यातून सूट नव्हती. "कसं लागतंय?" असं ती दर वेळी विचारायची. एकदा वैतागून मी म्हटलं, "पाण्यासारखं लागतंय, मावशी." पुढचे कितीतरी दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही.

ते पाणी तिच्या घरामागच्या डोहातलं. डोंगराच्या पायथ्याशी चुनखडीची एक कपार आहे, तिच्यातून ते वर येतं, आवाज अजिबात न करता. उन्हाळ्यात ते दात शिवशिवतील इतकं गार असतं आणि थंडीत त्यातून वाफा निघतात, म्हणजे खरं तर ते वर्षभर एकसारखंच असतं, आपणच तापतो आणि गारठतो. डोहाचा रंग निळा. काठावर बसून त्यात बघत राहिलं की थोड्या वेळानं आपण वर बघतोय की खाली, ते कळेनासं होतं. मला तिथे बसल्या बसल्या नेहमी डुलकी लागायची. मावशी म्हणायची, "रीवा, तू बस चालवताना तरी जागी असतेस ना गं?"

आमचा डोंगर म्हणजे एक लांबच लांब सरळ धार. तिला सगळे कणा म्हणतात. कण्यामागे दुसरी धार, तिच्यामागे तिसरी, संध्याकाळी त्या एकीपेक्षा एक फिकट निळ्या होत जातात आणि शेवटची धार आहे की ढग आहे यावर आमच्याकडे भांडणं होतात. माथ्यावर वाळूच्या दगडाचं जाड टोपण आहे. त्या दगडात शिंपले आहेत, बोटाच्या पेरांएवढे, हजारोंनी. इथे कधीकाळी समुद्र होता म्हणे. एवढ्या उंचावर उभं राहून पायाखालचा समुद्रकिनारा बघायचा, ही आमच्या पोरांची करमणूक.

पलीकडच्या खोऱ्यात जायचं तर गाडीला मोठा वळसा पडतो. पार खाली नदीनं धार कापून काढली आहे, त्या खिंडीतून जायचं आणि पलीकडून पुन्हा तेवढंच वर यायचं, त्यात अर्धा दिवस जातो. पायी मात्र सुक्या खिंडीतून जाता येतं. सुकी खिंड म्हणजे धारेच्या मधोमध असलेली खोलगट खाच. फार पूर्वी नदी तिथून वाहायची. मग तिला खाली सोपी वाट सापडली आणि ती तिकडे गेली ती गेलीच. आता तिथून फक्त वारा जातो. गवतात अजून नदीचे गोटे सापडतात, गुळगुळीत, गोल, आणि आसपास मैलभर पाण्याचा थेंब नाही.

सरळ डोंगराखालून जायची मुभा फक्त पाण्याला आहे. पलीकडे एक ओढा कुरणांतून चांगला खळखळत येतो आणि पायथ्याशी एका भोकात शिरून नाहीसा होतो. त्या भोकाला घसा म्हणतात. घशानं गिळलेलं पाणी कण्याच्या पोटातून, कुठल्या अंधाऱ्या वाटांनी कोण जाणे, इकडे मावशीच्या डोहात येतं. आज तिकडे गेलेलं उद्या-परवा इकडे.

मावशीचं माहेर पलीकडचं. घशापासून हाकेच्या अंतरावर. ती आणि तिचा धाकटा भाऊ डेन्झिल, दोघंच भावंडं. दर वर्षी पानं लाल व्हायला लागली की त्यांची आई अंगणात तांब्याचा मोठा हंडा चढवायची आणि सफरचंदांचा गर दिवसभर घोटून घोटून काळपट होईपर्यंत आटवायची. सगळ्यांकडे तेच चालायचं. पण बाकीचे लोक साली डुकरांना घालायचे. डेल्फा आणि डेन्झिल त्यातल्या ओंजळभर चोरून घशात टाकायचे आणि डोंगराकडे धूम ठोकायचे. सुक्या खिंडीतून इकडे उतरायचं, आत्याच्या घरी जेवायचं, झोपायचं आणि मग डोहाकाठी पालथं पडून वाट बघायची. साली यायच्याच. डेल्फा सफरचंद सोलायची ती एका दमात, देठापासून बुडापर्यंत एकच लांब फीत. डेन्झिलला ते कधी जमलं नाही. त्याचे जाडजाड तुकडे पडायचे. डोहात वर आलेली साल कुणाची हे सांगायला कुणाची गरज नसायची.

"आम्ही पाण्याला हरवायचो," मावशी सांगायची. "दर वेळी. पाण्याला हरवलेली माणसं आहोत आम्ही."

पुढे तिनं इकडचाच वर्ली कटलिप नवरा केला, डोहाकाठचं हे घर केलं. दोन मुलगे झाले, ते मोठे झाल्यावर ओहायोत टायरच्या कारखान्यात गेले. वर्ली वारला. मावशी कोंबड्या, एक गाय, उतारावरचं एक सफरचंदाचं झाड आणि डोह यांच्यावर हुकूम गाजवत राहिली. पण मी शाळेत होते तेव्हापासून ती एकदाही माहेरी गेली नव्हती. भावाचं नाव घरात घ्यायचं नाही, हे आम्हाला लहानपणीच शिकवलेलं होतं.

झालं होतं असं. त्यांच्या आईची इच्छा होती की तिला सुक्या खिंडीत पुरावं. तिची माणसं तिथेच आहेत, आठ-दहा थडगी, उशाला नदीचे गोटे. ती गेली फेब्रुवारीत. त्या वर्षी बर्फ असं पडलं की कुंपणं दिसेनाशी झाली. मावशी इकडे अडकली, वर्ली तापानं फणफणलेला. बर्फ वितळल्यावर ती धापा टाकत डोंगर उतरून गेली, तर डेन्झिलनं आईला खाली चर्चच्या आवारात पुरलेलं. रविवार होता. सगळं खोरं जमलेलं. आणि त्या सगळ्यांसमोर मावशी भावाला म्हणाली, "मेलेलं वासरू भोकात ढकलावं तशी ढकललीस रे आईला."

हे बोलणं किती वाईट ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे जमिनीत जागोजागी अशी भोकं आहेत आणि आळशी माणसं मेलेली जनावरं त्यांत लोटून देतात. रात्रीच लोटतात, कारण दिवसा लाज वाटते. डेन्झिलनं टोपी घातली आणि तो निघून गेला.

मावशीला नंतर कळलं की तो आईची शवपेटी घसरगाडीवर बांधून खेचराच्या जोरावर अर्धा डोंगर चढला होता. खेचर छातीपर्यंत बर्फात रुतलं, तेव्हा तो एकटाच पेटीपाशी दुपारपर्यंत बसून होता आणि मग मागे फिरला. हे कळल्यावर मावशीनं जायला हवं होतं. दुसरी कुणी असती तर गेली असती. पण मावशीचा ताठा असा की मान मोडेल पण वाकणार नाही. आज जाईन, उद्या जाईन करत ती राहिली, आणि जितका उशीर होत गेला तितकं जाणं अवघड होत गेलं.

पण त्याच वर्षी, पानं लाल झाल्यावर, डोहात साली आल्या. पिवळ्या, जाड, तुकडे तुकडे. त्यांच्या आईच्या पिवळ्या सफरचंदांच्या झाडाच्या.

त्यानंतर एकही वर्ष चुकलं नाही. तीसेक वर्षं. गावात काही शहाणे म्हणायचे की डेन्झिल नुसता कचरा टाकतो, त्यात काय एवढं. मी म्हणते, ज्याच्या दारात डुकरं आहेत असा कोणता माणूस सफरचंदाच्या साली भोकात टाकायला जातो? त्या दिवसांत मावशी पहाटेपासून डोहाकाठी बसायची, साली आल्या की एक उचलून तिच्या त्या कामाच्या एप्रनला पुसायची आणि चावून खायची. मग दिवसभर तिचा आवाज मऊ असायचा. पाव मागितला तर लोणी लावून मिळायचा.

मी एकदा धीर करून म्हटलं होतं, "मावशी, तूही काहीतरी पाठव ना उलट."

"कशातून पाठवू?" ती म्हणाली. "पाणी तिकडून इकडे येतं, रीवा. इकडून तिकडे जात नाही."

मग त्या वर्षी साली आल्या नाहीत.

पानं लाल झाली, तपकिरी झाली, गळायला लागली. सकाळी गवतावर पांढरं दव दिसायला लागलं. मावशी रोज डोहाकाठी. मी बस लावून तिच्याकडे जायचे तर ती तिथेच, शाल गुंडाळून, निळ्या पाण्याकडे बघत बसलेली. धुक्यात ती आणि ते पाणी दोन्ही एकाच रंगाचे दिसायचे. पेला पुढे करायचंही ती विसरायला लागली तेव्हा मी घाबरले.

"गेला तो," एक दिवस ती म्हणाली.

"कशावरून? तिकडच्या दुकानात फोन आहे, लावू का?"

"काय विचारणार? 'माझा भाऊ मेलाय का हो, जरा बघून सांगता'?"

"मग मी गाडीनं नेते. शनिवारी सुट्टीच आहे मला."

"गाडीनं पाहुणे जातात. समोरच्या दारानं." तिनं शालीचं टोक खोचलं. "डोंगरावरून उतरलं की आमच्या घराचं मागचं दार येतं. जायचं तर मी मागच्या दारानं जाणार."

सत्तरी उलटलेली बाई, गुडघे वाजतात, आणि म्हणे मागच्या दारानं. मी पुष्कळ बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि शनिवारी सकाळी उतारावरच्या झाडाची सफरचंदं एका पोत्यात भरून माझ्या दारात उभी राहिली. तिची सफरचंदं काळपट लाल, जांभळाकडे झुकणारी. त्या वर्षी झाड नुसतं लगडलं होतं.

"एवढी कशाला?"

"रिकाम्या हातानं जाऊ माहेरी?"

"आणि तो नसला तर?"

"तर आईच्या थडग्यावर ठेवीन. आणि त्याच्या. चल, उचल. जाडजूड आहेस, कामाला ये."

पोतं अर्थातच मी उचललं. आधी चुनखडीचा उतार, तिथे गवत मऊ आणि चालणं सोपं. मग पाटीसारखे पापुद्रे सुटणारा काळा दगड, पायाखाली घसरणारा, त्याच्यावर मी दोनदा बसले, आणि मावशी दोन्ही वेळा हसली. त्याच्या वर ओक आणि वाळूच्या दगडाचे मोठे मोठे तुकडे, माथ्यावरून कधीतरी सुटून आलेले. धुकं आमच्याबरोबर चढत होतं. मावशी मध्येच थांबायची, एखाद्या दगडातल्या शिंपल्यांवरून बोटं फिरवायची आणि पुन्हा चालायला लागायची. मला वाटत होतं, आम्ही चालत नाही आहोत, डोंगरच हळूहळू आमच्याखालून मागे सरकतोय.

सुक्या खिंडीत पोचलो तेव्हा धुकं खाली राहिलं होतं. दोन्ही खोरी पांढऱ्या सायीनं भरलेली आणि मधे आम्ही, थडगी आणि वारा. मावशी तिच्या आजीच्या थडग्यापाशी टेकली. मी एक गोटा उचलून हातात खेळवत होते.

"एवढी मोठी नदी," मी म्हटलं, "ती बघ, वाट बदलून मोकळी झाली."

मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गोटा खाली ठेवला.

"टोमणा कळला मला," ती म्हणाली. "म्हातारी झालेय, बहिरी नाही." मग, वेगळ्याच आवाजात, "काय बोलू गं त्याला? असला तर?"

"'चुकले' म्हण."

"एवढंच?"

"एवढंच. तीस वर्षं तेवढंच तर जमलं नाही तुला."

तिनं पोतं खांद्यावर घेतलं. पुढचा उतार तिच्या पायांना पाठ होता, आणि मला तिनं पुढे येऊ दिलं नाही. "तू परत जा. माझ्या कोंबड्या कोंड आणि डोहाकाठी बस. तो असला तर कळेल तुला."

"आणि नसला तर?"

"तर माझी वाट बघ. मी येईन." आणि ती धुक्यात उतरत गेली, आधी पाय दिसेनासे झाले, मग पोतं, मग डोक्यावरचा रुमाल.

रविवार मी डोहाकाठी काढला. चर्चला गेले नाही, नवऱ्यानं कारण विचारलं तर सांगितलं, "पाण्याकडे बघायचंय." तो शहाणा माणूस आहे, एकटाच गेला. दिवसभर पानं येत राहिली, तिकडच्या ओढ्याकाठची, डोंगराखालून भिजून काळी झालेली. एक पीस आलं. बघता बघता मला मावशीच्या लहानपणातले ते दोघं पालथे पडलेले दिसायला लागले, माझ्या शेजारीच, कोपर टेकून. हाताला गवत टोचलं तेव्हा जाग आली. डोह निळा आणि रिकामा होता.

सोमवारी मुलांना शाळेत सोडलं आणि बस तशीच मावशीच्या दारात लावली. ऊन डोहाच्या तळापर्यंत पोचलं होतं. कपारीच्या काळोखातून काहीतरी लाल वर येत होतं, वळत, उलगडत, अजिबात घाई न करता. लांब फीत. मधे एका जागी फाटलेली, पण सलग. काळपट लाल. मावशीची.

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझी नजर आखूड, जाड तुकडे शोधत होती. त्यामागून दुसरी फीत आली, मग तिसरी, आणि सगळ्या लांबच लांब. म्हणजे ती एकटीच सोलत बसली होती. रिकाम्या घराच्या मागच्या पायरीवर बसून, लहानपणी टाकायची तशी एकेक नेऊन घशात टाकत होती. बिचारी पोचली ती उशिरानं, असं मनात आलं आणि मला रडू यायला लागलं. मी हातात एक फीत धरून बसले होते.

मग तुकडे आले. काळपट लालच, पण आखूड, वेडेवाकडे, आणि इतके जाड की प्रत्येकावर बोटभर पांढरा गर तसाच. एक आला, चार आले, मग सगळा डोह त्यांनी भरून गेला, आणि मी भर सकाळी एकटीच मोठमोठ्यानं हसत सुटले. त्या दिवशी मुलांना घ्यायला बस उशिरा पोचली आणि मला त्याबद्दल बोलणीही बसली.

मावशी पंधरवड्यानं परतली, तीही गाडीनं, समोरच्या दारानं, कारण सोबत डेन्झिल होता आणि त्याच्या गुडघ्यांना डोंगर झेपत नव्हता. उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. मावशीनं त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"कसं लागतंय?" तिनं विचारलं.

"आमचंच आहे," तो म्हणाला. "तुम्ही इकडे शिळं पिता."

मी खुर्ची ओढून बसले आणि दोघांना सगळं सांगायला लावलं. तिनं सांगायचं आणि त्यानं मधेमधे दुरुस्त करायचं, असं ते चाललं.

शनिवारी दुपारी ती मागच्या दारात पोचली तर तो पायरीवर बसून बूट शिवत होता. धडधाकट. मावशीला इतका राग आला, की खिंडीत ठरलेलं 'चुकले' ती साफ विसरली आणि ओरडली, "मेला नाहीस तर साली का नाही टाकल्यास?"

"कशाच्या टाकू?" तो म्हणाला. "झाडावर एक सफरचंद नाही. मे महिन्यात फुलं आली आणि हिव पडलं. सगळा मोहोर काळा झाला."

"आमच्याकडे नाही पडलं."

"तू उतारावर राहतेस. थंडी वाहत खाली येते आणि आमच्या खोऱ्याच्या बशीत साचते. इथे जन्मलीस, इथे वाढलीस, आणि हिव कुठे बसतं ते विसरलीस?"

विसरली होती खरी. आपलं झाड लगडलंय म्हणजे त्याचंही लगडलं असणार, एवढंच तिच्या मनात होतं. मग ती पोत्यावरच बसली. घशात पाणी पडल्याचा आवाज तिथे अंगणापर्यंत येतो म्हणे.

"डेन्झिल," ती म्हणाली, "त्या रविवारी मी जे बोलले, ते—"

"ते राहू दे. आधी एक सांग." त्यानं बूट खाली ठेवला. "पोचायच्या का?"

"काय?"

"साली. मी टाकायचो दर वर्षी. पण पाणी तिकडून परत येत नाही ना. तू बघायचीस की नाही, तुझ्यापर्यंत यायच्या की मधेच कुठे अडकायच्या, मला कळायला काही मार्गच नव्हता. पोचायच्या का गं?"

मावशी पोत्यावरून उठून त्याच्याशेजारी पायरीवर बसली. पण ती डेल्फा कटलिप होती.

"पोचायच्या तर," ती म्हणाली. "सगळ्या पोचायच्या. आणि अजून किती जाड सोलतोस रे, अर्धं सफरचंद सालीबरोबर जातं."

मग डेन्झिल आत जाऊन दोन सुऱ्या घेऊन आला.